धुतलेलं फडकं

“त्याच्या आईचं ते फडकं तुम्ही धुतलं तर नाही ना?” कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या कानात बॅटरी मारता मारता सहज विचारलं, आणि तिला हसूच फुटलं. धुतलं तर नाही ना! अर्धं आयुष्य लाँड्रीत घातलेल्या बाईला विचारायचा प्रश्न झाला का हा? “धुतलं की,” ती म्हणाली, “घरी नेल्या नेल्या. कसलं कळकट होतं ते. आधी भिजत घातलं, मग दोन पाण्यांतून काढलं, वर इस्त्री फिरवली.” शेवटचं तिनं जरा तोऱ्यातच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं. पण त्या पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. “अहो, तेच तर त्याचं घर होतं,” त्या म्हणाल्या. “आईचा वास, भावंडांचा वास. नवीन जागी रुळेपर्यंत तेवढाच आधार असतो त्यांना. तुम्ही त्याला कोरं कापड दिलंत. मग तो रडेल नाही तर काय करेल?” तिचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “जाऊ दे, फार काही बिघडलेलं नाही. जिथून आणलंत तिथं जा आणि दुसरं एक फडकं त्याच्या आईच्या अंगाला चोळून आणा. एकटं राहायची सवय हळूहळू लावा, रडला की लगेच उचलू नका. आई आहे तोवर फडक्यांना काय तोटा?” एवढं बोलून त्या पुढच्या टोपलीतल्या मांजराकडे वळल्या.

आई आहे तोवर. पिल्लाला जाकिटाच्या आत छातीशी धरून ती रस्त्यानं चालत होती आणि हे तीन शब्द तिच्याबरोबर चालत होते. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं, तिला कळेना. डॉक्टरीणबाई कुत्रीबद्दल बोलत होत्या. पण काहीतरी आत हललं होतं खरं, आणि ते काय ते बघायला ती तयार नव्हती. तिनं पावलं भराभर उचलली. जाकिटाच्या आत पिल्लानं एकदा तोंड वर काढलं, तिची हनुवटी हुंगली, शिंकलं आणि पुन्हा आत गेलं. घरी पोचेपर्यंत ते गप्प होतं, आणि जमिनीवर ठेवल्या क्षणी त्यानं सूर लावला. ते भुंकत नसे. भुंकलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. ते एक बारीक लांब सूर काढायचं, मध्येच थांबून कान द्यायचं, कुणी उत्तर देतंय का बघायचं, आणि कुणी देत नाही असं पाहून पुन्हा तोच सूर पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरची बाई काठीनं छत ठोकायची. नवऱ्यानं पिल्लाचं नाव साहेब ठेवलं होतं, कारण आल्यापासून सगळं घर त्याच्यामागे तंगडतोड करत होतं. साहेब जेवले का, साहेबांनी आज कुणाच्या चपलेवर मेहेरबानी केली. नवरा रंगारी होता, दिवसभर लोकांच्या भिंतींशी बोलून यायचा आणि घरी आला की त्याला माणसांची हौस यायची. पिल्लू आणायची टूम त्याचीच. “बाबांना सोबत होईल,” म्हणाला होता. आता तोच टेकीला आला होता. काल जेवताना म्हणाला, “रविवारपर्यंत बघू. नाहीतर साहेबांची बदली जिथून आले तिथं.” त्यावर बाबांनी चमचा ताटात ठेवला आणि म्हणाले, “त्याला सोडायला जाल तेव्हा मलाही वाटेत उतरवा. माझं घर त्याच रस्त्याला आहे.” नवरा हसला. बाबाही थोडे हसले. तिला मात्र हसू आलं नाही, कारण त्या घराची किल्ली बाबांच्या कोटाच्या खिशात होती आणि कोट बाबांच्या अंगात होता.

कोट कायमच अंगात असायचा. आई गेल्यावर बाबा तिकडे एकटे राहत होते, मग एकदा गॅस चालू ठेवून झोपी गेले, आणि तिनं काही ऐकून न घेता त्यांना आपल्याकडे आणलं. त्याला आता किती तरी महिने झाले होते, पण बाबा अजून आलेले नव्हते. घरात कोट घालून बसायचे, जणू कुणीतरी न्यायला येणार आहे. त्यांची पेटी पलंगाखालीच होती, त्यातले रोजचे कपडे काढायचे आणि घडी घालून परत त्यातच ठेवायचे. “पाणी घेऊ का गं?” असं विचारायचे. स्वतःच्या मुलीच्या घरात पाणी घ्यायला परवानगी मागायचे! सुरुवातीला ती चिडायची, मग हसण्यावारी न्यायला लागली, आणि आता नुसतं “घ्या ना बाबा” म्हणायची. भांडण असतं तर मिटवलं असतं. तक्रार असती तर दूर केली असती. बाबा तक्रारच करत नव्हते, म्हणून तर तिला धास्ती वाटायची. पिल्लू रविवारी परत गेलं तर त्याच्यामागून बाबाही जातील, आणि त्या बंद घरात एकटे गॅस पेटवतील, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पिल्लू घरात रुळलं पाहिजे. ते राहिलं तर बाबा राहतील. याला काही अर्थ नव्हता हे तिलाही कळत होतं, पण तिनं ते मनाशी धरून ठेवलं होतं.

“बाबा, मी जरा कामाला जाऊन येते,” ती दारातूनच म्हणाली. कुठं, कशाला, काही सांगितलं नाही. फडकं आणायला जातेय म्हटलं असतं तर आधीच्या फडक्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. “डॉक्टर म्हणाल्या, रडलं तरी उचलायचं नाही. तुम्ही बघा नुसतं.” बाबांनी मान हलवली. मागं सूर चालूच होता.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि बसल्यावर पळायला वाव उरला नाही. कोरं कापड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही त्याला कोरं कापड दिलंत. तिच्या डोळ्यांपुढे कपाटाचा एक खण आला, आणि त्यात रचलेली एक चळत, कडेला कड जुळवलेली, मध्ये मऊ कागद घातलेली, एखाद्या मोठ्या घरच्या गिऱ्हाइकाची असावी तशी. बाबा आले त्याच दिवशी तिनं त्यांच्या सामानाचा ताबा घेतला होता. दुसरं काय करणार? कुणाचं स्वागत करायचं तर कुणी गोड करतं, कुणी मिठी मारतं, तिला कपडे धुता येत होते. पेटीत बाबांच्या शर्टांच्या मध्ये आईचे काही कपडे निघाले. तपकिरी शाल, झोपायचा झगा, उशीचा एक अभ्रा. पुरुषांना कुठं सामान भरता येतं, घाईत काहीबाही कोंबलंय, असं तिला वाटलं होतं. खरंच तसं वाटलं होतं. शालीच्या काठाला पिवळट डाग होता, आईच्या मलमाचा. अभ्र्याला दोन-तीन पांढरे केस चिकटले होते, मध्यभागी डोकं टेकून टेकून काळपट झालं होतं. तिला डाग दिसले. डाग दिसला की तिचे हात आपोआप चालायला लागतात. केस चिमटीनं उचलून टाकले, मलमावर तिनं खास ठेवणीतलं औषध वापरलं, आणि तो डाग असा काही निघाला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. संध्याकाळी बाबांना हाक मारून तिनं कपाट उघडून दाखवलं. बाबा उभे राहिले. त्यांनी वरचा अभ्रा उचलला आणि तोंडाशी नेला. “मऊ झालाय ना?” तिनं विचारलं होतं. विचारलं होतं! बाबांनी अभ्रा खाली घेतला, होता तसा चळतीवर ठेवला, कडेला कड जुळवली. “छान केलंस,” म्हणाले. आणि त्या संध्याकाळी त्यांनी कोट चढवला.

तिला बसमध्ये घाम फुटला. समोरच्या बाईनं खिडकी उघडू का म्हणून खूण केली. इतके महिने ती बाबांना रुळवायला बघत होती, त्यांच्या आवडीचं रांधत होती, टीव्ही त्यांच्या खोलीत लावत होती, कुत्रं सांभाळत होती, आणि पहिल्याच दिवशी तिनं त्यांची बायको दोन पाण्यांतून काढली होती. पिल्लू रडलं. बाबा रडले नाहीत, म्हणून कळलं नाही. पण रडण्याची वाट कशाला बघायची? तिला वास आला नव्हता का? इथं आल्यावर तिचा विचार ठेचकाळला, कारण याचं उत्तर तिनं आजवर कुणालाच दिलेलं नव्हतं. लाँड्रीच्या म्हाताऱ्या मालकानं तिला शिकवलं होतं, डागाला आधी नाक लावायचं, मग हात. दूध वेगळं, रक्त वेगळं, सांडलेलं औषध वेगळं. तरुणपणी ती डोळे मिटून सांगायची आणि मालक इतरांना बोलावून दाखवायचा. मग वर्षानुवर्षं ड्रायक्लीनिंगच्या यंत्राची वाफ नाकात गेली, आणि एक दिवस घरात दूध करपून काळं झालं तरी ती शेजारी उभी राहून भाजी चिरत होती. नवरा धावत आला, “नाक कुठं गहाण टाकलंस काय?” म्हणाला. ती हसली. तेव्हापासून हसतच होती. नाक नसलेल्या बाईकडे कोण कपडे देईल? ती आता डाग डोळ्यांनी ओळखायची, बोटांनी चाचपायची, आणि गिऱ्हाइकासमोर कपडा नाकाशी नेऊन उगाच मान हलवायची. आत एकच वास उरला होता, त्या वाफेचा, जागेपणी आणि झोपेतही. आईचा वास कसा होता ते आठवायचा तिनं आता बसमध्ये प्रयत्न केला. आईचा आवाज आठवला, टाच घासत चालणं आठवलं, हिवाळ्यात कायम डोक्यावर असणारी ती राखाडी लोकरी टोपी आठवली, कानांवर पट्ट्या असलेली, आईनं स्वतः विणलेली. “आईची टोपी दिसत नाही ती?” असं तिनं त्या दिवशी कपडे वेगळे करताना विचारलं होतं. “असेल तिकडेच कुठं तरी,” बाबा म्हणाले होते. वास आठवला नाही.

पिल्लावाल्या बाईचं घर गावाच्या टोकाला होतं, टायरच्या दुकानामागं. बाई अंगणात बादल्या विसळत होती. “काय हो, खातो ना नीट?” तिनं विचारलं. “खातो. फडकं पाहिजे होतं एक दुसरं. आधीचं... खराब झालं,” ती म्हणाली. कुत्री भिंतीशी पडली होती, पोट ओघळलेलं, आजूबाजूला एकही पिल्लू नव्हतं. सगळी गेली होती. बाई फडकं आणायला आत वळली आणि तेवढ्यात कुत्री उठली. शेपूट न हलवता सरळ तिच्याकडे आली, तिचे बूट हुंगले, गुडघे हुंगले, मग पुढचे दोन्ही पाय तिच्या मांडीवर टेकून तिनं नाक जाकिटाच्या चेनमध्ये खुपसलं, बरोबर जिथं सकाळी पिल्लू होतं तिथं. आणि तोच सूर लावला. तसाच बारीक, लांब, मध्ये थांबून कान देणारा. ती हलली नाही. हलायची तिची हिंमत झाली नाही. तिच्या अंगावर कुणीतरी होतं, एवढं स्पष्ट की एक आई त्याला हाका मारत होती, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. “ओळखलंन तिनं,” पिल्लावाली बाई दारातून म्हणाली आणि कुत्रीला मानेला धरून बाजूला घेतलं. मग एका जुन्या टॉवेलच्या तुकड्यानं तिनं कुत्रीची पाठ, पोट, कानांमागची जागा खसाखसा चोळली आणि तुकडा पुढे केला. “घ्या वास. आलाय ना चांगला?” तिनं तो नाकाशी नेला. “हो,” ती म्हणाली, “आलाय.” बाईनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. “वाटेत उघडू नका हां, उडून जातो.”

बसथांब्यावर येऊन तिनं घरी फोन लावला. “रडतोय गं,” बाबांनी उचलल्या उचलल्या सांगितलं. “फार रडतोय. तू आहेस कुठं?” मागं सूर ऐकू येत होता, आणि काठीचे ठोके. “कामात आहे, बाबा. येतेच. उचलू नका त्याला, रडू दे थोडं.” बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “तो काहीतरी शोधतोय. सगळं घर हुंगून आला, कोपरा सोडला नाही. त्याला सापडत नाहीये.” आत्ता, तिला वाटलं, आत्ता सांगावं. बाबा, मी त्याचं फडकं आणायला आलेय, माझ्या हातात आहे, तासाभरात पोचते. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य एकटं आलं नसतं, त्याच्यामागं शाल आली असती, अभ्रा आला असता. फोनवर कसं सांगायचं? “येतेच मी,” ती पुन्हा म्हणाली. “बरं,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर तिनं वाक्य घोळवून घोळवून तयार केलं. घरात शिरायचं, पिल्लाला फडकं द्यायचं, ते गप्प झालं की बाबांसमोर बसायचं आणि सांगायचं. माफी मागायची. मग ते रागावतील. रागावले तर फार बरं होईल, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरच्या माणसासारखे वागतील. पिशवी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. इमारतीच्या दारातून आत आल्यावर तिच्या लक्षात आलं की सूर ऐकू येत नाहीये. जिन्यातही नाही. खालच्या बाईच्या दारावरून जाताना ती थांबली, कान दिला. काहीच नाही. काल रात्रीचं ते ‘मलाही वाटेत उतरवा’ तिला आठवलं आणि उरलेल्या पायऱ्या ती धावत चढली. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. पेटी पलंगाखालून बाहेर ओढलेली होती, झाकण उघडं, घड्या विस्कटलेल्या. निघाले, तिला वाटलं. “बाबा!” ती ओरडली.

“हळू,” दाराआडून बाबा म्हणाले. “आत्ता डोळा लागलाय त्याचा.”

ते जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून, नुसत्या शर्टात. कोट खुर्चीवर होता. पिल्लू त्यांच्या पायापाशी, त्याच्या टोपलीत, अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं आणि त्याच्या हनुवटीखाली काहीतरी राखाडी होतं. तिला ओळखायला वेळ लागला. एक कानपट्टी चावून चावून ओली झाली होती, लोकरीचा एक धागा पार उसवून आला होता, आणि मधोमध एक मोठा ओला डाग होता, ज्याच्याबद्दल तिला नाकाची गरज नव्हती. पेटीशेजारी एक रिकामी प्लास्टिकची पिशवी पडली होती. तिची गाठ सोडवली नव्हती, पिशवीच फाडली होती.

“ही तिकडेच राहिली होती ना?” तिनं विचारलं.

“नाही. माझ्याकडे होती,” बाबा म्हणाले. “तू धुतली असतीस.”

त्यात राग नव्हता. बाहेर गारवा आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “बांधून ठेवली होती. कधीमधी उघडायचो, लगेच परत बांधायचो. फार वेळ उघडी ठेवली की जातो वास.”

“मग त्याला कशाला दिलीत?” तिचा आवाज तिला न विचारता चढला. “एवढी जपलीत आणि त्याला कशाला दिलीत, बाबा?”

“अगं, रडत होता. तू म्हणालीस उचलू नका, म्हणून उचललं नाही. हुंगत हुंगत माझ्या पेटीपाशी आला आणि तिथंच बसून रडायला लागला.” बाबांनी पिल्लाच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. “म्हटलं, त्याच्या आईचा नसेल, पण आईचा तर आहे.”

तिच्या हातात पिशवी होती, घट्ट गाठीची. ती बाबांच्या समोर खाली बसली, आणि बसमध्ये तयार केलेलं वाक्य शोधू लागली, पण ते कुठं सांडलं कोण जाणे. “त्याचं फडकं आणायला गेले होते मी,” ती म्हणाली. “हे बघा. आधीचं मी धुतलं. तुम्हाला फोनवर सांगितलं असतं तर... आणि शालसुद्धा. अभ्रासुद्धा. मला कळलं नाही, बाबा.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. मग झोपलेल्या पिल्लाच्या तोंडाखालून टोपी अलगद ओढून घेतली आणि तिच्यापुढे धरली. “घे. या पट्टीला त्यानं तोंड लावलेलं नाही. इथं अजून असेल.”

तिनं टोपी दोन्ही हातांत घेतली. सुकी पट्टी नाकाशी नेली, डोळे मिटले, छाती दुखेपर्यंत श्वास आत घेतला. आत लाँड्रीची वाफ होती. पुन्हा घेतला. वाफच होती. मान हलवून ‘हो’ म्हणणं तिला किती सोपं होतं, दुपारीच ती तसं म्हणाली होती. “मला येत नाही, बाबा,” ती म्हणाली. “कधीपासूनच येत नाही. कशाचाच.” हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. “तुम्ही बघा ना. तुम्ही बघा आणि मला सांगा.”

बाबांनी टोपी घेतली. त्यांनी ती उलटी केली, सुकी पट्टी बोटांनी सरळ केली आणि तोंडाशी नेली, त्या दिवशी अभ्रा नेला होता तशी. पिल्लू जागं झालं होतं, मान वर करून टोपीकडे बघत होतं. खाली कुणाच्या तरी घरात नळ चालू झाला आणि बंद झाला. बाबांनी पट्टी सोडून टोपीची आतली बाजू हुंगली, मग शिवण, मग पुन्हा पट्टी. ती वाट बघत राहिली.

“कुत्र्याचा येतोय,” बाबा म्हणाले, आणि टोपी परत पिल्लाच्या हनुवटीखाली सारली.